रात्रीच्या पाण्यासाठी क्रोशाचा स्वेटर

गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी द्यायचे, कारण तेव्हा मुकुटमुळे फुटत असतात, हे आता आपल्या खेड्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाची ही वेळ नोव्हेंबरअखेर नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला येते. त्यानंतरचे पाणी फुटवे येताना, ४० ते ४५ दिवसांनी. पुढचे फुलोऱ्यात, ६० ते ६५ दिवसांनी. आणि दाण्यात चीक भरू लागला की ८० ते ८५ दिवसांनी आणखी एक. म्हणजे गव्हाची सगळी महत्त्वाची पाणी मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत येतात. हरभरा आणि कांदाही त्याच वेळी पाणी मागत असतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्हा पठारावरचा. आभाळ निरभ्र असले आणि उत्तरेचा वारा सुटला की कन्नड, सिल्लोड, खुलताबादच्या बाजूला पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. पाटाच्या कडेला, ओल्या वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाला ती थंडी आणखीच झोंबते. थ्री फेजची लाईट रात्रीची असली म्हणजे दारे धरायला जातो कोण? घरातला थोरला मुलगा, नवरा, दीर, कधी साठी ओलांडलेले मामंजी. आता शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर योजना आल्या आहेत. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, केंद्राची कुसुम योजना २०१९ साली. काही शिवारांत दिवसा लाईट येऊ लागली आहे आणि तिथल्या बायाबापड्यांनी मोकळा श्वास घेतला आहे. पण ज्या शिवारात अजून रात्रीची पाळी आहे, तिथे माणूस हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन निघतोच. अंगात काय, तर टेरिकॉटचा सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला टॉवेल.

भगिनींनो, आजचा लेख या माणसाच्या अंगावर काय असावे याबद्दल आहे. मी शेतकी पदवीधर, माझे रोजचे बोलणे बियाणे, खत आणि किडीचे. पण विस्ताराच्या कामात गावोगावच्या बैठकांना बसता बसता एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरांत क्रोशाची सुई सापडत नाही असे घर विरळा. दाराला क्रोशाचे तोरण, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, तांब्याभांड्याच्या ट्रेवर झाकण, महालक्ष्म्यांपुढे घालायला गोल आसन. लेकीच्या रुखवतात तर क्रोशाचा ढीग. हात इतके तयार आहेत, पण या हातांचे काम घरातल्या निर्जीव वस्तूंच्या अंगावर चढते. रात्री दोन वाजता पाण्यात उभा राहणारा माणूस मात्र उघडा.

दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे त्या मानाने कमी बायकांना येते आणि शेतकऱ्याच्या घरात ते जमवायलाही कठीण. दोन सुयांवर एका वेळी ८०-१०० टाके चढलेले असतात. पोराने ओढले, सुई निसटली, की टाके घसरून खालपर्यंत उसवत जातात. क्रोशात सुईवर एकच जिवंत फास. दूध उतू चालले, म्हैस सुटली, कोणी हाक मारली, की तो फास जरा मोठा करून ठेवून उठावे. परत येऊन तिथूनच धरावे. म्हणून गृहिणीच्या तुटक तुटक वेळेला क्रोशा मानवतो.

ही सुई आली कुठून

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला, आकडी या अर्थाचा. हे विणकाम युरोपात एकोणिसाव्या शतकात पसरले. त्यातली एक हकिगत आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी जरूर ऐकावी. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्यावर उशिराचा करपा आला. तोच रोग, ज्यासाठी आपण आजही बटाट्यावर आणि टोमॅटोवर फवारण्या घेतो. तिथल्या गरीब शेतकऱ्याचे पोट एका बटाट्यावरच होते. लागोपाठ काही वर्षे पीक सडले, सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीने गेली. त्या दुष्काळात तिथल्या जोगिणींनी आणि इतर बायकांनी घरोघरच्या मुलींना क्रोशाची जाळी शिकवली, ती परदेशी विकली आणि त्या पैशावर कितीतरी कुटुंबे तगली. एकाच पिकावर अवलंबून राहू नये हे आम्ही बैठकीत सांगतो, त्याला याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे ही कला मिशनरी बायकांबरोबर आली. आपल्या पैठणवरून वाहत जाणारी गोदावरी पुढे आंध्रात समुद्राला मिळते, तिथे नरसापूर नावाचे गाव आहे. त्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हजारो बायका घरी बसून क्रोशाची जाळी विणत आल्या आहेत. १९८२ साली मारिया मीस या जर्मन विदुषीने त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यात तिने दाखवून दिले की या बाया दिवसाचे सहा-सात तास विणत, माल परदेशात जाई, व्यापारी बंगले बांधत, आणि बायकांच्या हाती मजुरीच्या नावाने अगदीच थोडे पडे. कारण काय, तर त्या "घरात बसून रिकाम्या वेळात" करतात, ते काम कुठले! हे मी मुद्दाम सांगते आहे. उद्या बचत गटाकडे कोणी व्यापारी येऊन क्रोशाचे काम नगावर देऊ लागला, तर आधी एका नगाला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि त्या तासांची शेतातली मजुरी किती होते ते काढा. त्याहून कमी मिळत असेल तर हात जोडावेत. घरच्या माणसासाठी विणणे ही गोष्ट वेगळी. तिथे मजुरीचा हिशेब नसतो, तरी तास मोजून ठेवावेत, घरच्यांनाही कळू द्यावेत.

लोकर कोणती

आपल्या मुलखाची लोकर दख्खनी मेंढीची. काळी, जाडीभरडी, वर्षातून दोनदा कातरायची. धनगरांनी मेंढ्या राखायच्या, सनगरांनी चिंचोक्याच्या खळीत ताणा भिजवून घोंगडी विणायची, आणि शेतकऱ्याने पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, असा हा जुना व्यवहार. पैठणला पैठणी आणि औरंगाबादेत हिमरू विणला जाई तो राजेरजवाड्यांसाठी. शेतकऱ्याच्या अंगावर घोंगडीच होती आणि तिने त्याला कधी दगा दिला नाही. आज दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक फार थोडे उरले आहे. शेतात मेंढ्या बसवतो तो लेंड्यांच्या खतासाठी. पडेगावला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, तिथे शेळ्या-मेंढ्या पाहायला जाणारे आपले शेतकरीही लोकरीबद्दल क्वचितच विचारतात.

घरात घोंगडी असेल तर ती टाकून देऊ नका. बांधावर बसताना अंगाखाली-अंगावर तिच्यासारखे दुसरे काही नाही. पण दख्खनी लोकरीचा स्वेटर मात्र विणू नये. तिचा धागा केसाळ आणि जाड, अंगाला टोचतो, आणि क्रोशाच्या सुईवर सरकत नाही. स्वेटरासाठी लोकर बाजारातूनच आणायची.

बाजारात "लोकर" म्हणून जे मिळते त्यातले बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे रासायनिक धागा. रंग सुंदर, धुवायला सोपा, कसर लागत नाही, भाव कमी. लहान मुलांच्या शाळेच्या स्वेटराला तो चालतो. पण रात्री पाणी देणारा माणूस काय करतो ते आठवा. दार फोडून वाफा भरेपर्यंत तो बांधावर पालापाचोळ्याची शेकोटी करून बसतो. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळते, पेटते आणि तापलेल्या डांबरासारखे कातडीला चिकटते. अस्सल लोकर सहजी पेट घेत नाही. ठिणगीने धुमसते, भोक पडते आणि बहुधा आपोआप विझते. दुसरे असे की लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. सुती कापड भिजले की उलट अंगातली ऊब ओढून नेते. म्हणून मामंजींच्या आणि दारे धरणाऱ्याच्या स्वेटराला पैसे जरा जास्त पडले तरी अस्सल लोकर, निदान निम्म्याहून जास्त लोकर असलेला मिश्र धागा घ्यावा. चुलीपुढे बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगातही अ‍ॅक्रिलिक नको.

दुकानदार शपथेवर सांगेल, आपण मात्र तपासून घ्यावे. बोटभर धागा तोडून स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावावी. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर. धागा वितळून पुढे पळत गेला आणि मागे टणक मणी उरला तर अ‍ॅक्रिलिक. लोकर पोरांपासून दूर, मोकळ्या जागेत जाळून पाहावी.

सगळी लोकर एकदमच आणावी. लडीवरच्या कागदावर रंगाच्या घाण्याचा नंबर छापलेला असतो, दुकानात त्याला लॉट नंबर म्हणतात. तो सगळ्या लडींवर एकच आहे ना ते पाहावे. नंतर आणलेली एक लड रंगात जरा फिकी निघाली की पाठीवर पट्टा उमटतो. क्रोशाला दोन सुयांपेक्षा लोकर जास्त लागते, साधारण तिसरा हिस्सा अधिक. ३६ इंच छातीच्या बिनबाह्यांच्या स्वेटराला मध्यम जाडीची लोकर ४०० ग्रॅम आणली की पुरते, थोडी उरतेही. उरलेली टाकू नये, दुरुस्तीला लागते.

रंगाच्या बाबतीत आपल्या बायका मळखाऊ रंग निवडतात, ते बरोबरच आहे. पण रात्री डांबरी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, समोरून मोटारसायकली येतात. पाठीवर आणि छातीवर चार बोटे रुंदीचा पिवळा किंवा पांढरा पट्टा विणला तर बॅटरीच्या उजेडात माणूस लांबून दिसतो.

माप आणि विण

बाह्या करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दारे धरताना हात कोपरापर्यंत ओले होतात. बाही भिजली की जड होते, थंड पडते, आणि माणूस स्वेटर काढून बांधावर ठेवतो. छाती, पाठ आणि पोट झाकले की अंग ऊब धरते आणि हात मोकळे राहतात. आतून पूर्ण बाह्यांचा सदरा असतोच.

विण बंद हवी. तोरणाची जाळीदार नक्षी स्वेटरावर दिसायला छान, पण ऊब ही लोकरीत नसून टाक्याटाक्यांत अडकून बसलेल्या हवेत असते. गोधडीत चार जुनी लुगडी एकावर एक घालतो ती याचसाठी. मोठी भोके ठेवली की वारा ती हवा घेऊन जातो. बंद विणीवरही फार वारा असेल तेव्हा वरून पातळ जाकीट किंवा जुना सदरा घालावा. जाळीच्या विणीत कुसळे आणि बाभळीचे काटे अडकतात, तो त्रास आणखी निराळा. म्हणून मी अर्धा खांब सुचवते. सुईवर एक वेढा घ्यायचा, खालच्या टाक्यातून धागा ओढून घ्यायचा, मग सुईवर जे तीन फास होतात त्या तिन्हींतून धागा एकदम काढायचा. मुका खांब घातला तर कापड फार ताठ होते आणि लोकर जास्त खातो. पुरा खांब सैल पडतो. अर्धा खांब मधला.

सुई ४ मिलिमीटरची घ्या. आणि स्वेटर सुरू करण्याआधी हातभर नाही, चार बोटांचाच तुकडा विणा. पेरणीआधी आपण उगवणशक्ती पाहतो की नाही? १०० दाणे गोणपाटात ठेवून मोजतो, मगच एकरी बियाण्याचे प्रमाण ठरवतो. तसेच हे. प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचा सैल, कोणाचा घट्ट. ४ इंच रुंद आणि ४ इंच उंच तुकड्यात माझ्या हाताने १६ टाके आणि १२ ओळी बसतात, म्हणजे इंचाला ४ टाके आणि ३ ओळी. पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. तुमच्या तुकड्यात १८ टाके बसले तर सुई जरा जाड घ्या, १४ बसले तर बारीक.

आता छाती ३६ इंच धरू. सदऱ्यावरून घालायचा, वाकून फावडे मारायचे, म्हणून ४ इंच सैल, एकूण ४०. पुढचा भाग २० इंच आणि मागचा २० इंच. इंचाला ४ टाके म्हणजे प्रत्येक भागाला ८० टाके. उंची २४ इंच. ती वाकल्यावर कंबर उघडी पडू नये एवढी असावी. शहरातले तयार स्वेटर तिथेच आखूड पडतात.

आधी खालची पट्टी करायची. १४ साखळ्या घाला, सुईपासून तिसऱ्या साखळीपासून सुरू करून १२ अर्धे खांब विणा. प्रत्येक ओळीअखेर २ साखळ्या घालून उलटायचे. त्या साखळ्या टाक्यांत मोजायच्या नाहीत. दुसऱ्या ओळीपासून टाक्याच्या वरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागचा धागा उचलून विणा. असे केले की आडव्या घड्या पडतात आणि पट्टी रबरासारखी ताणते. अशा ५४ ओळी झाल्या की ३ इंच रुंद आणि १८ इंच लांब पट्टी मिळते. ती मुद्दाम २ इंच आखूड आहे, कमरेला धरून बसावी म्हणून. आता पट्टी आडवी धरून तिच्या लांब कडेवर मुक्या खांबाची एक ओळ घाला, दर दोन ओळींमागे ३ टाके. ८१ होतील, एक गाळा, ८० उरले.

त्यावर सरळ ३६ ओळी अर्ध्या खांबाच्या, म्हणजे १२ इंच. इथे बगल आली. दोन्ही बाजूंचे ४-४ टाके सोडा, पुढच्या चार ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करा. ८० चे ६४ झाले. मागचा भाग असेल तर बगलेपासून एकूण २७ ओळी होईपर्यंत सरळ विणत जा. ३ इंच पट्टी, १२ इंच अंग आणि ९ इंच बगल मिळून आपले २४ इंच भरले. ६४ टाक्यांतले दोन्हीकडचे २०-२० खांद्याचे, मधले २४ गळ्याचे.

पुढच्या भागाला बगलेच्या ओळीपाशीच मधोमध दोन भाग करायचे, इकडे ४० टाके, तिकडे ४०. बगलेच्या बाजूने ८ कमी होतीलच. गळ्याच्या बाजूने एक ओळ सोडून एकेक टाका असा १२ वेळा कमी करा. खांद्याला २० उरतात, मागच्या खांद्याशी जुळतात. गळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा येतो. सदऱ्याची कॉलर त्यात नीट बसते. मग खांदे आणि दोन्ही बाजू जोडायच्या, गळ्याला आणि बगलेला मुक्या खांबाच्या तीन-तीन ओळी घालायच्या. धाग्यांची टोके चार-पाच इंच आत ओवून घ्या. नुसती गाठ मारून कापली तर दुसऱ्या धुण्याला गाठ सुटते.

वेळेचा हिशेब हवा असेल तर सांगते. दोन्ही भाग मिळून टाके नऊ हजारांच्या घरात जातात. मिनिटाला दहा टाके धरले तर १५ तास. पट्ट्या, जोडणी, कडा धरून २० तास. रोज अर्धा तास मिळाला तर ४० दिवस. सुरुवात केव्हा करायची ते यावरून ठरते. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटलेला असतो, सोयाबीन आणि मका घरात येत असतो, तेव्हा बाईला पाठ टेकायला वेळ नसतो. निंदणी उरकलेली आणि वेचणी सुरू न झालेली अशी थोडी उसंत भाद्रपदात मिळते. महालक्ष्म्या उठल्या की सुई धरावी. गव्हाच्या पहिल्या पाण्याला स्वेटर तयार असतो.

आता तुम्ही म्हणाल, हिवाळ्यात शहरात तिबेटी लोकांची दुकाने लागतात, तिथे तयार स्वेटर याहून स्वस्त मिळतो. खरे आहे. नुसता लोकरीचा खर्चही कधी त्यापेक्षा जास्त होतो. ज्यांना विणण्याची हौस नाही त्यांनी खुशाल विकत आणावा, त्यात कमीपणा नाही. फक्त धागा पाहून आणावा. पण विकतचा स्वेटर यंत्रावर विणून कापून शिवलेला असतो. एकदा उसवला की त्याचे काही होत नाही. क्रोशाचा स्वेटर शेवटच्या टोकापासून उलगडता येतो. मुलगा वाढला, उसवा. लोकर लडीसारखी पाटाभोवती गुंडाळा, कोमट पाण्यात बुडवा, खाली हलके वजन टांगून सावलीत वाळवा. वळ्या सरळ होतात. त्यात दोन नवी लडी घातली की मोठा स्वेटर तयार. थोरल्याचे धाकट्याला आपण करतोच, इथे धाकट्याचे थोरल्यालाही करता येते.

अंगावर चढल्यावर

माझ्या खात्याच्या कामामुळे ज्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात त्या इथे सांगायलाच हव्यात. लोंबणारी दोरी, गोंडे, सैल मफलर, उसवलेली कड यांतले काहीही अंगावर घेऊन मळणीयंत्र, कडबाकुट्टी, पट्ट्यावर चालणारा पंप किंवा ट्रॅक्टरचा फिरता दांडा यांच्याजवळ जाऊ नये. यंत्राला एक धागा पुरतो. लोकरीचा धागा लगेच तुटत नाही, माणसाला ओढत नेतो. स्वेटर अंगासरशी असावा आणि यंत्रापाशी तो काढूनच ठेवावा हे उत्तम. मफलर विणण्यापेक्षा कानटोपी विणा.

हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी डिसेंबर-जानेवारीतच येते. सकाळी थंडी असते म्हणून माणसे स्वेटर घालूनच पंप पाठीला लावतात. लोकर औषध शोषून धरते आणि दिवसभर ते अंगाला लागत राहते. फवारणीला वेगळे धुतलेले सुती कपडे, वर प्लास्टिकचा आडोसा. स्वेटर घरीच ठेवावा.

धुताना कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण. दगडावर आपटू नये, पिळू नये. गरम पाण्यात घोळून पिळलेली लोकर आटते आणि तिचे घोंगडे होते. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे, खाटेवर सपाट पसरून सावलीत वाळवावा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लोंबतो.

शिमगा झाला की स्वेटर पेटीत जातो आणि तिथे कसर वाट पाहत असते. कसर म्हणजे लहानशा पतंगाची अळी, भुंगेऱ्याचीही असते. तिला घामाचा, कालवणाचा डाग पडलेली लोकर विशेष आवडते. म्हणून ठेवणीत टाकण्याआधी धुवायचाच. चैत्रातले कडक ऊन दोन्ही बाजूंनी दाखवायचे, झटकायचे, स्वच्छ फडक्यात बांधून वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालायच्या, आणि पावसाळ्यात मध्ये एकदा उघडून पाहायचे. धान्याच्या कोठीत ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या कपड्यांच्या पेटीत कधीही, कोणी कितीही सांगितले तरी, ठेवू नका. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. शेतातली पावडरही नको.

आता शेवटचे. कन्नडकडच्या एका गावात बैठकीला गेले होते. अकरा बायकांनी मिळून नवऱ्यांसाठी, सासऱ्यांसाठी, मुलांसाठी विणलेले स्वेटर हौसेने मांडून ठेवले होते. मी विचारले, तुमचे कुठे आहेत? सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. "आमाला कशाला, ताई? आमी काय रातीचं पानी देतो व्हय?" त्याच बाया पहाटे दहिवर झाडाला असतानाच कापूस वेचायला जातात, लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून. गार पाण्याने बोटे वाकत नाहीत. रात्रीचा गारठा जसा, तसाच पहाटेचा.

तेव्हा दुसरा स्वेटर आपल्यासाठी. त्याचे माप आपल्या बसत्या चोळीवरून घ्या आणि ३ इंच सैल धरा. समोरून उघडा करा, म्हणजे पुढचा भाग खालपासूनच दोन तुकड्यांत विणा आणि कडेला मुक्या खांबाची दोन बोटे पट्टी घाला. दहा वाजता ऊन चढले की डोक्यावरून ओढून, पदर सोडून काढत बसावे लागत नाही. बटणे पाच पुरतात, मोठी आणि चपटी घ्या, गारठलेल्या बोटांना ती सापडतात. कापसाच्या बोंडाच्या नख्या विणीत अडकतात, म्हणून नवऱ्याचा तो जुना सदरा स्वेटराच्या आत न घालता वरून घाला.